नंबरकाकांचे संशयास्पद पाय

मी माणसं वाचतो. पुस्तकं कोणीही वाचतं (खरं तर हल्ली तीही कोणी वाचत नाही), पण माणसं वाचणारा या भागात मी एकटाच. समोरच्याने भुवई उचलली की मला त्याचं बालपण दिसतं, नाक खाजवलं की गुन्हा दिसतो. पोटासाठी मी विमा कचेरीत टेबल सांभाळतो, पण आत्म्याने गुप्तहेर आहे. माझं ब्रीदवाक्य एकच: चेहरा खोटं बोलेल, पाय बोलणार नाहीत.

घरात मात्र या विद्येची कदर शून्य. परवा ही कपाळाला हात लावून उभी होती. मी तत्काळ ओळखलं. म्हटलं, "तुझ्या मनात माझ्याबद्दल आदर दाटून आलाय."

"नळ चालू ठेवून गेलात," ती म्हणाली. "बाथरूममधून पाणी पार बैठकीत आलंय."

शनिवारी आमच्या कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानाच्या मालकाचा फोन आला. प्रकरण नाजूक होतं, मी एकट्यानेच जाणार होतो. पण हिच्या चपलेचा पट्टा तुटला होता, त्यामुळे मला आयतीच सहायक मिळाली.

मालक तिशीपुढचा तरुण. मला गल्ल्यामागे ओढून तो कुजबुजला, "नंबरकाका मला सोडून चाललेत. समोर नवं दुकान निघालंय ना, तिकडे."

नंबरकाका म्हणजे त्याच्या दुकानातले विक्रेते, मालकाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. गिऱ्हाईक दारात आलं की ते तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघून नंबर सांगतात. आत्ताही त्यांनी मला बघून सांगितलं होतं, "नऊ. डावा किंचित मोठा."

"कशावरून चाललेत?" मी मालकाला विचारलं.

"वागणंच बदललंय हो! नजरेला नजर देत नाहीत. सारखे दाराकडे बघतात, घटकाघटकाला मागच्या पडद्याआड जातात. गेल्या आठवड्यात तीस वर्षं झाली त्यांना इथे. म्हणून दुकानातली सगळ्यात महाग जोडी मी स्वतः निवडून त्यांना भेट दिली. त्या दिवसापासून हे असं!"

"उपकार," मी म्हणालो, "अपराध्याला सहन होत नाहीत."

"ते सोडून जायच्या आधी मीच त्यांना आज नारळ देतो. पण मन धजत नाही. तुम्ही एकदा बघून सांगा." बोलता बोलता त्याचा आवाज बसला आणि डोळे ओले झाले. मी ओळखलं, याला सर्दी झाली आहे.

मी आरशाआड दबा धरून बसलो. काका एका गिऱ्हाइकाला बूट दाखवत होते. बोलताना चेहरा कसनुसा होत होता, म्हणजे खोटं बोलत होते. उजव्या पायाचा चवडा सरळ दाराकडे, म्हणजे समोरच्या दुकानाकडे! मग भार डाव्या पायावर, लगेच उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. हे मात्र साधं नव्हतं. ही सांकेतिक भाषा होती. समोरच्या गल्ल्यावर एक बाई बसल्या होत्या. म्हणजे फितुरी नव्हे, प्रेम! या वयात! मी मनातल्या मनात दोघांचं लग्नही लावून टाकलं. तेवढ्यात त्या बाईंनी आतल्या नवऱ्याला "अहो" म्हणून हाक मारली आणि सिद्धांत बाद झाला.

काका पडद्याआड गेले. मी मांजराच्या पावलांनी मागे गेलो. वाटेत खोक्यांची एक थप्पी पडली, पण ती माझ्यामुळेच पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पडदा सारला, तर काका स्टुलावर बसलेले. बूट काढून ठेवलेले, डोळे मिटलेले. पायाची बोटं हलवत होते आणि चेहऱ्यावर परमानंद.

उलगडा झाला. मी मालकाकडे धावलो.

"पळायची तयारी चालू आहे! पाय मोकळे करतायत. आवाज होऊ नये म्हणून बूटही काढलेत!"

मालकाने मोठा श्वास घेतला. "म्हणजे जाणारच," तो म्हणाला. "काका, जरा इकडे या."

पण काका तोवर माझ्या सौभाग्यवतीसमोर गुडघ्यावर बसून तिला चप्पल चढवत होते. "आलोच, मालक," म्हणून ते उठायला गेले आणि "स्स्" करून पुन्हा खाली बसले.

ही म्हणाली, "काका, तुमचे बूट चावतायत का हो?"



"छे छे," काका म्हणाले. "मालकांनी दिलेत."

"ते कळलं. नंबर काय?"

"आठ."

"आणि तुमचा?"

साऱ्या गावाचे नंबर सांगणारा माणूस खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. "नऊ," ते म्हणाले.

"अहो, मग बोललात का नाही?" मालक जवळजवळ ओरडलाच. "दुकान आपलंच आहे! बदलून नसते दिले?"

"इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी खोकी उघडतोय. माझ्यासाठी कोणी पहिल्यांदाच उघडलं. तुम्ही विचारलंत, कसे बसतात? मी म्हणालो, झकास. एकदा झकास म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?"

"मला तुमचा नंबरच माहीत नव्हता, काका." मालकाचा चेहरा पडला. "आणि मी तुम्हाला आज..." पुढचं त्याने गिळलं.

"मला तुमचे सगळे नंबर माहीत आहेत," काका हसले. "शाळेचे पहिले बूट मीच चढवले तुमच्या पायात. तेही चावत होते. पण तुम्ही सगळं दुकान डोक्यावर घेऊन सांगितलं होतंत."

 मालकाने काकांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल ओढलं, आणि त्यांचा पाय उचलून मापाच्या पट्टीवर ठेवला. काकांना कुठे बघावं कळेना, ते छताकडे बघत बसले. माझ्याही घशात काहीतरी दाटून आलं. सर्दी फार लवकर पसरते.

"मी म्हणालोच होतो," मी नाक पुसत म्हणालो, "पाय खोटं बोलत नाहीत."

कोणी दाद दिली नाही. पण मालकाने विचारलं, "तुम्हाला काय देऊ?" मी काकांच्या पायातून उतरलेल्या त्या महागड्या जोडीकडे बोट दाखवलं.

"साहेब, तुमचा नऊ आहे," काका खुर्चीतून म्हणाले. "त्यातून डावा..."

"काका, खऱ्या गुप्तहेराला सगळं बसतं."

घराकडे निघालो. ही नव्या चपलांत झपाझप चालत होती. मी भार कधी डाव्या पायावर, कधी उजव्यावर देत मागे राहिलो.

ही थांबली. "चावतायत ना?"

"झकास आहेत," मी तोंडावर हात ठेवून, दुसरीकडे बघत म्हणालो.

"दुकान अजून उघडं आहे. जाऊन बदलून येऊ."

"मुळीच नको," मी ठणकावलं. मग सहज खाली पाहिलं. माझे दोन्ही चवडे दुकानाकडे वळले होते.