राऊत सिस्टर आणि त्यांचा आडवा शेजारी

दुपारी ओटीवर जरा डोळा लागावा आणि कोणीतरी दोन्ही खांदे थोपटून कानाशी ओरडावं, "ओ भाऊ, ऐकू येतंय का?" डहाणूत हे सुख माझ्या नशिबी होतं. शेजारच्या राऊत सिस्टर तलासरीकडच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. झोपलेला माणूस नुसता झोपलाच आहे, याची खात्री केल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे.

दर रविवारी त्या गल्लीतल्या बायकांना बंद पडलेलं हृदय कसं चालवायचं ते शिकवत. नमुन्याचं शरीर म्हणून मी. जिवंत माणसाची छाती दाबायची नसते, म्हणून माझ्यावर फक्त जागा दाखवायची आणि दाबायची ती उशी.

"मोठ्याला दोन्ही तळहात, पोराला एक, तान्ह्याला दोन बोटं. कोपर ताठ! तीस वेळा दाबायचं, मग दोन श्वास. आणि छातीचं हाड वर आहे, हे सगळं पोट आहे."

बायका माझ्या पोटाचा विस्तार बघून माना डोलवत. "पडून राहायचं काम यांना छान जमतं," आमची ही म्हणे. मोजायचं कामही माझंच. कचेरीतला कारकून असल्यामुळे आकड्यांत मी पक्का, असा माझाच समज.

२०१७ च्या मे महिन्यात नरपडला एका चिकूच्या वाडीत आम्ही सगळे साखरपुड्याला गेलो. मी तिसऱ्या जिलबीवर होतो, तेवढ्यात मागून किंकाळी आली. चार वर्षांची एक मुलगी पाण्याच्या हौदात पडली होती. वर काढली तेव्हा तिचा श्वास थांबलेला. कोणी म्हणे उलटी धरा, कोणी म्हणे पोट दाबा. सिस्टर गर्दीत घुसल्या.

"खाली ठेवा तिला. गाडी बोलवा. भाऊ, मोजा!"

त्यांनी आधी तिच्या तोंडात श्वास फुंकले, मग छातीच्या मधोमध एक तळहात ठेवून दाबू लागल्या. मी खणखणीत सुरुवात केली आणि अकरावरून एकदम पंधरावर गेलो. मग आवाजच फुटेना. नुसता आ वासून उभा. शेवटी त्या मुलीची आईच रडत रडत मोजू लागली.

कितव्या फेरीला ते मला विचारू नका. पोरीच्या तोंडातून पाणी आलं. सिस्टरांनी तिला कुशीवर वळवलं, ती खोकली आणि तिने भोकाड पसरलं. टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं. आम्ही बाहेर बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

परतताना रिक्षात सिस्टर, आमची ही आणि मी असे तिघं होतो.

"सिस्टर, माझं ते मोजणं..." मी चाचरलो.

"होतं तसं पुष्कळांचं." मग बाहेर बघत म्हणाल्या, "नोकरीत कितीतरी जणांची छाती दाबली, भाऊ. परत आलेली ही पहिलीच."

दाराचं कुलूप काढून त्या उंबऱ्यातच थांबल्या. "चहा घेऊन जा ना दोघं. कोणाला तरी सांगावंसं वाटतंय."

आम्ही बसलो. त्यांनी घरून निघाल्यापासूनचं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी तिथंच होतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी मध्येमध्ये विचारत राहिलो, "मग? पुढं काय झालं?"