सात गुच्छ आणि मागे जायचं बटण

माझ्या वेबसाइटवर माणूस हरवत नाही! एरवी फॉर्म भरताना 'मागे' बटण दाबा, लिहिलेलं सगळं गायब. पाटी पुसल्यासारखी कोरी! माझ्याकडे मात्र मागे गेलात की अक्षर न् अक्षर जागच्या जागी, दाराशी वाट बघत बसलेल्या मांजरासारखं. फुलवाल्या ताईंचं दुकान मी असं वेबसाइटवर मांडलं आणि त्या दिवसापासून, खोटं कशाला बोलू, जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होतो.

तेवढ्यात दादाला गरज पडली. आमचा दादा घड्याळं दुरुस्त करतो. वहिनीच्या आईचा जुना रेडिओ त्याने 'सहज' उघडला आणि तो टेबलभर पसरला. वहिनी बॅग भरून बहिणीकडे निघून गेली. आठ दिवस झाले. दुकानातली घड्याळं टिकटिकत होती, दादा तेवढा बंद पडला होता.

"फुलं पाठव, सोबत चिठ्ठी," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम!"

दुपारचं ऊन टेबलावर पेंगत होतं. दादाने एका बोटाने लिहिलं, 'रेडिओ जोडला. वाजतो. दोन स्क्रू उरलेत. तू ये, मग शोधू कुठे बसतात.' त्याने 'पाठवा' दाबलं. पडद्यावर गुलाबांशेजारी चिठ्ठी उमटली.

"अरे, ही चिठ्ठी आहे की दुरुस्तीची पावती? मागे जा!"

मागे गेलो. स्क्रू काढले, चांदणं घातलं. पाठवा! उमटली.

"आता एक नदी हवी. मागे जा."

"तिला पाण्याची भीती वाटते रे."

"चिठ्ठीतल्या नदीत कोण बुडतं? लिही!"

मागे गेलो, पुढे आलो. पुढे आलो, मागे गेलो. झोपाळ्यावर बसल्यासारखी गुंगी चढत गेली. सातव्या खेपेला चिठ्ठीत चांदणं होतं, नदी होती, काठावर हरणं होती आणि 'तुझ्या चाहुलीला आसुसलेली माझी कातर संध्याकाळ' होती.

"हे मी बोलतो का कधी?" दादा कुजबुजला.

"आता बोलशील!"

तासाभराने फुलवाल्या ताईंचा फोन. "सातही गुच्छ गेले बरं का! कित्ती जीव आहे हो दादांचा!"

"सात?"

"सात ऑर्डरी, सात चिठ्ठ्या, पत्ता एकच."

माझे पाय धाडकन जमिनीला टेकले. 'मागे' बटणाला मी पान परत आणायला शिकवलं होतं. झालेली ऑर्डर परत घ्यायला शिकवायचं राहूनच गेलं होतं!

"म्हणजे सगळी खाडाखोड तिच्या हातात?" दादा म्हणाला. "तिला वाटेल, मी थट्टा करतोय. आता कसली येते ती!" आणि डोळ्याला भिंग लावून तो रिकाम्या तळहाताकडे बघत बसला.

दिवेलागणीला आमच्या घराचं दार वाजलं. दारात फुलांचं एक झाड उभं! झाडातून वहिनीचा आवाज आला.

"गाडीत शेवटी ठेवलेला गुच्छ आधी हातात आला. कातर संध्याकाळ वाचली आणि दारच लावून घेणार होते. म्हटलं, हे ह्यांचं नव्हे! पण पुढची चिठ्ठी उघडली, हरणं पळाली. मग नदी आटली. मग चांदणं मावळलं. एकेक चिठ्ठी उघडत गेले तशी तुमची कारागिरी गळत गेली, भाऊजी, आणि तळाशी दोन स्क्रू निघाले." ती दादाकडे वळली. "आणा बघू इकडे. टॉर्च कुठाय?"

दादाने खिशातून स्क्रू काढले. आठ दिवस खिशातच होते, गरम झाले होते. दोन डोकी रेडिओवर वाकली आणि मी पुन्हा हळूहळू तरंगायला लागलो.

"चांदणं, नदी, हरणं!" मागून आवाज आला. माझी बायको चिठ्ठ्या वाचत उभी होती. "बारा वर्षांत माझ्या वाट्याला एक हरीण आलं नाही!"

आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं.

मी आधी वेबसाइट सुधारली. मग बायकोच्या नावाने एकच गुच्छ नोंदवला. चिठ्ठी साधी, सरळ: 'दोन स्क्रू उरलेत. तू ये, मग शोधू.'

सकाळी गुच्छ आत गेला. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून चिठ्ठी बाहेर आली. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे दादांचं आहे. मागे जा आणि पुन्हा लिही.'

आणि 'मागे' बटण तर मी कालच कायमचं बंद करून टाकलं होतं!