रंगोजीरावांच्या सात पायऱ्या

या, अशा जवळ सरकून बसा. म्हैसूरला येता, राजवाडा बघता, मैसूरपाक बांधून घेता आणि परस्पर गाडीत बसता. हूटगळ्ळीत आपली एक म्हातारी राहते, तिच्याकडं डोकावावं, हे काही मनात येत नाही. बरं दिसतं का हे? उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, आला असता तर शेजारच्या रंगोजीरावांच्या घरी दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या दाखवल्या असत्या!

इथं दसऱ्याला घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि सण संपला की फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवतात. रंगोजीरावांच्या मात्र गेल्या खेपेला सहा महिने तशाच. कुणी हसलं की म्हणायचे, "एक बाहुली अजून वर चढायची आहे. त्याशिवाय आवरायचं नाही. अल्लवा, खरं ना?"

एकटा जीव. सगळी नोकरी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली. निवृत्त झाले, पण सवय जाते होय? एका लग्नात नवरीच्या बापाला अक्षता टाकता टाकता विचारलं, "मुलीचं हिमोग्लोबिन किती?" कुणी रिपोर्ट दाखवला की यांचं ठरलेलं, "एक आकडा म्हणजे अफवा. तीन आणा, मग बोलू." मी एकदा म्हटलं, यंदाचे आंबे आंबट आहेत. लगेच म्हणाले, "किती खाल्लेत, अक्का? एकच? मग अफवा."

तर त्या दसऱ्याला माझी लेक सुमा तिच्या चिन्नूला घेऊन बाहुल्या बघायला गेली. मीही होते. चिन्नू सहा वर्षांची. गाल असे गुबगुबीत झालेले! मी कौतुकानं दाखवले. रंगोजीराव गालांकडं बघेनात. त्यांनी तिच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना.

"अक्का, हे बाळसं नव्हे. उद्या सकाळीच डॉक्टरांकडं."

मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध चालू करू, पण मूत्रपिंडं पुढं टिकतील की थकतील, ते रक्तावरून बघत राहावं लागेल. क्रिएटिनिन म्हणून रक्तातला कचरा असतो, मूत्रपिंडानं तो बाहेर टाकायचा. चिन्नूचा साठत होता. त्या दिवशी रंगोजीरावांनी लाल परकरातली एक लाकडी बाहुली उचलून सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली. कचरा कमी झाला की बाहुली एक पायरी वर. पायऱ्या सात. उगादीपर्यंत बाहुलीबाई सहाव्या पायरीवर पोचल्या होत्या.

आणि मी घोटाळा केला. उगादीच्या दुसऱ्या दिवशी इकडं वर्षतोडकु असतो, घरोघर मटण शिजतं. दुपारी चिन्नूची तपासणी होती. पोर किती वाळलीय, म्हणून सुमाची नजर चुकवून मीच भरवलं. आकडा उसळला. बाई म्हणाल्या, असंच असेल तर सुईनं मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल. सुमा रडायला लागली. मी देवापुढं बसले. रंगोजीराव बाहुलीला हात लावीनात.

"अक्का, तपासणीआधी काय खाऊ घातलंत?"

"काही नाही."

"अक्का..."

"दोन वाट्या मटण. आणि एक नळी."

"अय्यो! मग हा आकडा चिन्नूचा नव्हे, बकऱ्याचा आहे!"

तसेच आमच्याबरोबर आले. डॉक्टरीणबाईंपुढं हात जोडून म्हणाले, "मी डॉक्टर नव्हे, पण आजी गुन्हेगार आहे." बाई हसल्या. म्हणाल्या, मटणानं हा आकडा खरंच वाढतो. चार दिवस मटण बंद, मग पुन्हा रक्त. सोबत सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी, तिला मटणानं फरक पडत नाही. नंतर आठवड्यानं आणखी एकदा. तिन्ही रिपोर्ट आले. तिन्ही चांगले! "मूत्रपिंडं तग धरतील असं दिसतंय. तपासत राहू," असं बाईंच्या तोंडून निघालं आणि रंगोजीराव दवाखान्यातच टाळ्या वाजवायला लागले. घरी आल्यावर गल्लीभर स्टीलचं ताट बडवत फिरले. चिन्नूनं स्टुलावर चढून बाहुली सातव्या पायरीवर ठेवली. पेढे मी वाटले, मीच गुन्हेगार ना!

मग आवराआवर. लाल परकरवाली गुंडाळायला घेतली तर तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं, पुट्टी.

"कोण हो ही?"

ते राजाराणीच्या बाहुल्यांवरची धूळ पुसत होते. "धाकटी बहीण. सात वर्षांची होती. अशीच सुजली. आम्ही म्हणायचो, गाल बघा किती गोड झालेत." त्यांनी फडकं झटकलं. "तिचा एक आकडासुद्धा आमच्याकडं नाही, अक्का."

ती बाहुली पेटीत गेली नाही. रंगोजीरावांनी ती चिन्नूला देऊन टाकली. आता ती तिच्या उशाशी झोपते, आणि चिन्नू रोज तिचे पाय दाबून बघते, खड्डा पडतो का.

तेव्हा या दसऱ्याला नक्की या हं. रंगोजीराव वाट बघतील. रिपोर्ट असले तर घेऊन या. एकच नको, तीन आणा.