तहकूब सभेचा मांडव

लखनौच्या महाराष्ट्र स्नेहवर्धक मंडळाचं सभागृह निशातगंजात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. ते तिथून हलवावं, याबद्दल १९९४ सालापर्यंत कोणाचंच दुमत उरलं नव्हतं. जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या होत्या आणि सभासदांचं सरासरी वय एकसष्ट. व्याख्यान ऐन रंगात आलं की खाली पितळी परातींचा ढीग कोसळे आणि वक्त्याला वाटे, टाळ्या पडल्या. शिवाय बहुतेक सभासद आता विकास नगरात राहायला गेले होते.

हलवावं कुठे, याचं उत्तर अध्यक्ष चंद्रहास दिवेकर यांनी दिलं. दिवेकर रेल्वेतले निवृत्त इंजिनियर.

"आपल्या सेक्टरातला पार्क आहे की," ते म्हणाले. "मोकळाच तर पडलाय."

पार्क मोकळा पडला होता हे खरं. पार्क तसाच पडलेला असतो. तो मंडळाचा नाही, सगळ्या वस्तीचा आहे, हा मुद्दा चर्चेला आला नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नव्हता. विषयपत्रिका मी लिहिली होती.

माझ्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. मी श्रीरंग आठल्ये, एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयातून निवृत्त. मंडळात मला पद नव्हतं, काम होतं. मी अनुमोदक होतो. कोणी ठराव मांडला की अनुमोदनासाठी दिवेकर चष्म्यावरून सभेकडे पाहत. सभा आपापल्या चपलांकडे पाही. मला ती शांतता सोसत नसे आणि माझा हात वर जाई. अशी बावीस वर्षं झाली. पुढे तर इतिवृत्ताच्या कागदावर 'अनुमोदक : श्री. आठल्ये' हे छापूनच घेतलं होतं आणि त्याखाली 'सर्वानुमते मंजूर'. ठराव सर्वानुमतेच व्हावा असं मंडळाच्या घटनेत कुठेही नाही. पण बावीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या प्रकारे एकही ठराव झाला नव्हता, म्हणून तो नियम होता.

माझी पत्नी वासंती त्या पार्कात रोज सकाळी अनवाणी बारा फेऱ्या मारत असे. तिचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी ऑपरेशन किंवा गवत असे दोन उपाय सांगितले, त्यातलं तिने गवत निवडलं होतं. बहाव्याच्या झाडाखाली चपला काढायच्या, बारा फेऱ्या घालायच्या आणि पुन्हा त्याच झाडाला धरून चपला घालायच्या. विषयपत्रिका तिने माझ्या टेबलावर वाचली.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी फक्त उतरवून काढलं."

"मग आता सभेत एक वाक्य बोला. 'माझा विरोध आहे.' तीन शब्द आहेत. जमेल?"

मी मोजून पाहिले. तीनच होते. जमेल, असं मी म्हणालो.

विरोधी बाजू लतिका महाजनी यांनी उचलली होती. त्या बँकेत अधिकारी होत्या आणि पार्कासमोरच राहत. निशातगंजातल्या सभेत त्या कडाडल्या, "अध्यक्षमहाराज, हा वाद इथे माडीवर नको. पार्कात चला. गवतावर बसून गवत खोदायचा ठराव करून दाखवा!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," दिवेकर म्हणाले. "रेल्वेत आम्ही स्थळपाहणीशिवाय खिळासुद्धा ठोकत नसू. अनुमोदन?"

माझा हात वर गेला. सूचना पार्काच्या बाजूची आहे, तेव्हा हरकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एप्रिलच्या उन्हात ज्येष्ठ सभासदांना बसवणं शक्य नव्हतं म्हणून शामियाना घातला. गवत टोचतं म्हणून सतरंज्या आल्या, सतरंजीवर गुडघे दुखतात म्हणून खुर्च्या आल्या. शेजारचे मिश्राजी कुंपणावरून डोकावले.

"भाई साहब, शादी किसकी है?"

"शादी नहीं जी, सभा है," मी म्हणालो.

"अच्छा! तो कब तक चलेगी?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी चौदा वक्ते बोलले आणि सत्तावीस उरले, तेव्हा दिवेकरांनी सभा तहकूब केली. शामियानेवाला बांबू काढायला आला, तर त्यांनी त्याला अडवलं.

"सभा तहकूब आहे, संपलेली नाही. तहकूब सभा म्हणजे कायद्याच्या नजरेत चालू सभा. चालू सभेवरचा मांडव काढता येत नाही."

लतिकाबाईंनाही हे पटलं, कारण उरलेल्या सत्तावीसपैकी एकोणीस वक्ते त्यांच्या बाजूचे होते. दुसऱ्या दिवसापासून वासंती मांडवाला वळसा घालून फेऱ्या मारू लागली. आठवड्याने सतरंजी उचलून तिने मला खालचं गवत दाखवलं. ते पिवळं पडलं होतं. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. फरक इतकाच की न बोलण्याचा मला सराव होता.

मे महिन्यात आंधी आली आणि शामियाना मिश्राजींच्या गच्चीवर जाऊन पडला. चालू सभेला छप्पर हवंच, म्हणून लोखंडी खांब आले आणि खांबांवर पत्रे आले. पुन्हा उडू नयेत म्हणून खांबांच्या बुडाशी काँक्रीट आलं. "सगळं तात्पुरतं आहे," दिवेकर म्हणाले. ठराव झाला. सूचक लतिकाबाई, अनुमोदक छापलेला होता.

कोणीतरी तक्रार केली असावी. कारण एके दिवशी कुठल्याशा कार्यालयातून गजेंद्रबाबू आले. त्यांनी खांब हलवून पाहिला. तो हलला नाही. मग त्यांनी फाईल उघडली.

"हॉल बना रहे हैं?"

"नहीं नहीं," दिवेकर म्हणाले, "हॉल बने या न बने, इस पर बहस हो रही है."

गजेंद्रबाबूंनी फाईलचे कागद बराच वेळ उलटले. "देखिए साहब, हॉल बनाने का फॉर्म है, परमिशन लगेगी और मिलेगी नहीं. लेकिन बहस के लिए छत डालने का तो कोई फॉर्म ही नहीं है."

"मतलब?"

"मतलब जिसका फॉर्म नहीं, उस पर रोक कैसे लगेगी?" असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि 'बहस जारी है' असा शेरा मारून ते गेले.

पावसाळ्यात लेखी हरकती मागवल्या. तीनशे बारा हरकती आल्या. त्या टेबलावर ठेवल्या होत्या, तर एका शेळीने अकरा खाल्ल्या. त्यातल्या नऊ पार्काच्या बाजूच्या निघाल्या. लतिकाबाई संतापल्या.

"हा निव्वळ पक्षपात आहे! हरकतींना कपाट पाहिजे, कपाटाला कुलूप पाहिजे आणि कपाट पावसात ठेवायचं नसेल तर भिंती पाहिजेत!"

भिंती झाल्या. त्या खोलीवर 'उद्यान बचाव कक्ष' अशी पाटी लागली. मग समर्थकांनी न्याय मागितला आणि त्यांनाही तेवढीच खोली मिळाली. दोन खोल्यांच्या मधली जागा उगाच चिखल धरते म्हणून तिथे फरशी घातली. लतिकाबाईंच्या मुलीने, मृणालने, एकदा विचारलं, "मम्मी, ये पार्क बच रहा है या बन रहा है?" तिला घरी पाठवण्यात आलं. ती सभासद नव्हती.

ऑक्टोबरात 'झाडे वाचवा' असा मोठा कापडी फलक लागला. तो बहाव्याच्या मागे झाकला जात होता. फलक हलवता येत नव्हता, कारण त्याची जागा दोन्ही बाजूंनी मोजून ठरलेली होती.

"दोन फांद्यांचाच प्रश्न आहे," दिवेकर म्हणाले. "अनुमोदन?"

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं, तेही माझ्याकडे पाहून. उजवा हात सुटला.

दोन फांद्या गेल्या, आणि झाड एका बाजूला कललं म्हणून पुढच्या आठवड्यात झाडही गेलं. त्या दिवशी वासंती फेऱ्या न मारता परत आली. चपला पायातच होत्या.

"माझ्या गुडघ्यांचं जाऊ द्या," ती म्हणाली. "ऑपरेशन तुमच्या हाताचं करायला हवं. आपोआप वर जातो हो तो."

मग चपला दाराशी काढून ठेवत म्हणाली, "पुढची सभा शेवटची आहे म्हणतात. तीन शब्द, अहो. मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे?"

तिने मागितलं नव्हतं. मी आठ दिवस सराव केला. आरशासमोर केला, पुस्तकांच्या कपाटासमोर केला, दूधवाल्यासमोरही केला. तो म्हणाला, "ठीक है बाबूजी, कल से आधा किलो ही देंगे."

शेवटच्या सभेची विषयपत्रिकाही मीच लिहिली. ठराव क्रमांक एक : पार्कात सभागृह व्हावे. सूचक दिवेकर. ठराव क्रमांक दोन : सर्व तात्पुरती बांधकामे काढून पार्क पूर्ववत करावा. सूचक लतिका महाजनी. म्हणजे मला पहिल्या ठरावाच्या वेळी उठायचं होतं. मी शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसलो आणि मनात तीन शब्द घोळवत राहिलो. वासंती दाराशी उभी होती. दारही एव्हाना झालं होतं.

पुढे काय घडलं ते मला नंतर कळलं. दिवेकर लखनौत तीस वर्षं राहिलेले. इतक्या वर्षांत इथलं पाणी अंगात भिनतंच. ठराव मांडायला उठता उठता ते लतिकाबाईंकडे वळून लवले आणि म्हणाले, "बाई, पहले आप." लतिकाबाईंनी आपला ठराव आधी मांडला. सहा महिन्यांत सगळे इतके दमले होते की समर्थकांनीही माना डोलावल्या. खुद्द दिवेकर म्हणाले, "खरं सांगू? मलाही आता निशातगंजच्या पायऱ्या आठवतात." पत्रे उतरणार होते, गवत परत येणार होतं. फक्त रीत म्हणून त्यांनी विचारलं, "कोणाचा विरोध?"

बावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नव्हतं. मी उठलो. डोळे मिटलेलेच होते.

"माझा विरोध आहे!"

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. डोळे उघडले तेव्हा सगळी सभा वळून माझ्याकडे पाहत होती आणि दाराशी वासंतीने कपाळावर हात मारला होता.

"श्रीरंगकाका, हे काय केलंत!" लतिकाबाई ओरडल्या. "अहो, हा पार्क वाचवायचा ठराव आहे! मागे घ्या, आत्ताच्या आत्ता मागे घ्या!"

"घेतो, घेतो," मी म्हणालो.

दिवेकरांनी चष्मा पुसला. त्यांनाही वाईट वाटत होतं. "असं नाही घेता येत. इतिवृत्तात नोंदला गेलेला विरोध मागे घ्यायला वेगळा ठराव लागतो."

"मी मांडते," लतिकाबाई म्हणाल्या.

"अनुमोदन?"

माझा हात वर गेला.

"तुम्ही नाही, आठल्ये. स्वतःचा विरोध मागे घ्यायला स्वतःच अनुमोदन कसं देता येईल? दुसरं कोणी?"

पार्कात, म्हणजे आता हॉलमध्ये, त्र्याण्णव माणसं होती. प्रत्येकाला पार्क हवा होता. त्र्याण्णव माणसांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मिश्राजींच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी पहिल्यांदाच ती शांतता समोरून पाहत होतो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला एकेकाची दया आली.

"ठराव सर्वानुमते होत नाही," दिवेकर शेवटी म्हणाले. "सभा तहकूब."

याला आता दोन वर्षं होतील. निशातगंजची जागा सोडून दिली आहे, कारण तहकूब सभेच्या काळात तिचा उपयोग उरला नव्हता. गणपती इथेच बसतो. पावसाचं पाणी गळतं म्हणून पत्र्यांच्या जागी स्लॅब घातला. गजेंद्रबाबू वर्षातून एकदा येऊन चहा घेतात आणि 'बहस जारी है' लिहून जातात. वासंती रोज सकाळी हॉलमध्ये खुर्च्यांभोवती फेऱ्या मारते, फरशीवर, चपला घालून. बारा जमत नाहीत, पाच होतात. मी दाराशी बसून मोजतो.

परवा पाचवी संपवून ती टेकली आणि म्हणाली, "त्या दिवशी एवढ्या माणसांत एक हात वर होऊ नये?"

हाच प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, आणि मी तिथे असतो तर हात वर केला असता, असंही वाटलं असेल. अवश्य या. सभा तहकूब आहे, संपलेली नाही, आणि अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. फक्त येताना तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त घेऊन या. त्यात 'सर्वानुमते मंजूर' असं कुठे कुठे लिहिलंय आणि त्या सर्वांत तुम्ही होतात का, एवढंच वासंतीला पाहायचं आहे.