मेश्रामकाकांचं घरगुती हवामान खातं

मेश्रामकाका बाल्कनीत उभे असताना त्यांच्या टकलावर थेंब पडले, तरी पाऊस पडतोय असं ते म्हणणार नाहीत. ते आत जातात, संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करतात, सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा सर्व्हरला विचारतात आणि उत्तर आलं की मग टॉवेलनं टक्कल पुसतात. मी हे स्वतः पाहिलंय. खिडकी दोन हातांवर होती.

"काका, सरळ बाहेर बघा ना!"

"खिडकी बोलते का?" काका म्हणतात.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. काकू गेल्या त्याला तीन वर्षं होतील, तेव्हापासून एकटेच. "कसे आहात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोनशे!" सगळं ठीक आहे हे सर्व्हर ज्या आकड्यानं कळवतो, तो हा दोनशे. आमचे सोसायटीचे अध्यक्ष चड्ढाजी यांना वाटतं काका शुगर सांगतायत. ते दर वेळी मेथीदाणा सुचवतात. चष्मा सापडला नाही की काका "चारशे चार, चारशे चार" करत घरभर फिरतात; मागितलेलं सापडलं नाही की सर्व्हर हा आकडा देतो.

मला ते पत्रकबाई म्हणतात, कारण मी पत्रकं लिहिते. हवेवर, कचऱ्यावर, कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद करणाऱ्या पाटीवर. (ती पाटी उतरली, हे नोंदवून ठेवते.) या हिवाळ्यात माझी मागणी अगदी साधी होती. रोज सकाळी सातच्या आत हवा किती वाईट आहे तो आकडा गेटवरच्या जुन्या मॉनिटरवर दिसलाच पाहिजे, म्हणजे पोरांना खाली खेळायला सोडायचं की नाही ते आईबापांना कळेल. प्रोग्राम काका लिहिणार होते. "दोन दिवसांचं काम," म्हणाले.

सहा आठवडे लागले. सहा! पोरं खोकत होती आणि काका लायब्रऱ्या पारखत होते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आपल्या प्रोग्रामचा निरोप सर्व्हरकडे न्यायचा आणि उत्तर आणायचं, एवढ्यासाठी कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड. अशा पुष्कळ आहेत. काकांनी वहीत रकाने आखले होते आणि प्रत्येकीला एकच प्रश्न होता: समोरचा गप्प बसला तर ही किती थांबते?

"ही एचटीटीपीएक्स बघ. नव्या जमान्याची, चपळ, बिल्कुल टापटीप. पण मुद्दाम काही सांगितलं नाही तर पाच सेकंदांत उठून चालली! आणि ही रिक्वेस्ट्स. जुनी, साधी. हिला काही सांगितलं नाही तर बसून राहते. दिवसभर."

"काका, ही भाषा मला मान्य नाही. मुली बघायला गेल्यासारखं बोलताय तुम्ही. बाई किती निमूट वाट बघते यावर तिची किंमत..."

"पायथनची लायब्ररी आहे ती बेटा."

"मुद्दा तोच आहे!"

काकांनी विचार केला. "बरं, तर मग तो रिक्वेस्ट्स. आता थांबला तर चालेल?"

लायब्ररी ठरली, तर काळ्या पडद्यावर हवामान सांगणारे तयार प्रोग्राम निघाले. आम्हाला हवा होता फक्त हवेचा आकडा, पण काका म्हणाले, आलोच आहोत तर बघून घेऊ. एक प्रोग्राम अक्षरं रचून ढगाचं चित्र काढायचा, दुसरा नुसतं तापमान फेकायचा. काकांनी सरसकट नापास केले.

"मराठी बेकार आहे यार यांची. जे ते ढगाळ! ढगाळ म्हणजे काय? आभाळ भरून आलंय, की मळभ आहे?"

"मळभ म्हणजे?"

मी करोल बागेत वाढले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की चारशे चार तोंडानं म्हणायची गरजच उरली नाही.

"पाऊस पडत नाही, ऊनही येत नाही. आभाळ नुसतं तोंड पाडून बसतं. ते मळभ."

अखेर एका रविवारी पावणेसातला गेटवरचा मॉनिटर उजळला. मी धावत खाली गेले. आकडा कुठेच नव्हता. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

अहो, आज मळभ आलंय. मफलर घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

चड्ढाजी वाचत उभे होते. "ये अहो कौन है भई?"

"नया किरायेदार होगा, साहब," गार्ड म्हणाला.

"और ये मलभ? फैल तो नहीं रहा? मास्क लगाएँ क्या?" चड्ढाजींनी पुन्हा वाचलं. "चलो जो भी हो, अहो जी से बोलो मफलर पहन लें."

मी तणतणत वर गेले. सहा आठवडे थांबून हे? काकांनी दार उघडलं. गळ्यात मफलर होता.

"चुकीची फाइल गेली," ते म्हणाले. "घरची."

'अहो' या हाकेविरुद्ध मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं आहे. नवऱ्याला नाव असतं, ते घ्या, असं. त्यातला एकही शब्द मला त्या दारात आठवेना.

"ती सकाळी बाल्कनीतून सांगायची," काका म्हणाले. "मी आत चहा पीत ऐकायचो. तीस वर्षं मी स्वतः आभाळ बघितलं नाही. कामच पडलं नाही ना." आणि मग घाईघाईनं, "पाच मिनिटं दे, तुझा आकडा लावतो."

लावला. आता तो रोज येतो. लाल झाला की खेळ बंद. मागणी पूर्ण मान्य झाली, अशी माझी फार थोडी पत्रकं आहेत. चड्ढाजींना मी अहोचा अर्थ सांगितला नाही, पण कसं कोण जाणे, ते आता काकांनाच अहो जी म्हणतात. आणि काका चक्क ओ देतात.

गेल्या मंगळवारी काका फिरायला खाली दिसले नाहीत म्हणून मी वर गेले. दार लोटलेलं होतं. काका पडद्यासमोर बसले होते, मफलर घडी करून मांडीवर. कर्सर लुकलुकत होता.

"काय झालं काका?"

"सर्व्हर गप्प आहे."

"कधीपासून?"

"सहापासून."

साडेआठ वाजले होते. पाच सेकंदांत उठून जाणारी का नको होती, ते मला आता कळलं. मी बाल्कनीचं दार ढकलून बाहेर गेले. आभाळ नीट बघून घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका," मी तिथूनच म्हटलं, "मळभ आलंय."

आत खुर्ची सरकली.

"दोनशे," काका म्हणाले आणि मफलर गुंडाळायला लागले.