चौसष्टावा ठिपका

“साहेब, यापुढे आपल्या उद्यानातला एखादा साप जरी इकडचा तिकडे झाला ना, तर मला खुर्चीतून न उठता कळेल!”

सर्पोद्यानाच्या नोंदणी कारकून असलेल्या ताईंनी हे वाक्य सकाळी सव्वादहाला अगदी छातीठोकपणे उच्चारलं. साडेदहाला त्या खुर्चीत नव्हत्या. टेबलावर उभ्या होत्या! पण हे असं अर्ध्यातून सांगण्यात अर्थ नाही. सुरुवातीपासून ऐका.

ताईंनी या उद्यानात अकरा वर्षं नोकरी केली होती. अकरा वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. लोक पाठीमागे त्यांना ‘बिनचूकताई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. फक्त एक गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. या अकरा वर्षांत त्यांनी एकही साप पाहिलेला नव्हता! फाटकातून आत आलं की डावीकडे कार्यालय आणि उजवीकडे साप. ताई उजवीकडे कधी वळल्याच नाहीत. ‘अजगर, लांबी अकरा फूट’ एवढं लिहायचं असलं तरी त्या आधी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवायच्या आणि मग पेन टेकवायच्या.

अशा बाईच्या डोक्यात सॉफ्टवेअर शिरलं कसं? तर नणंदेमुळे. नणंद एका मोठ्या कंपनीत होती. मागच्या रविवारी जेवताना तिनं मोबाईलवर रंगीबेरंगी आलेख दाखवले आणि म्हणाली, “वहिनी, तुम्ही अजून वहीत लिहिता?” त्यातल्या ‘अजून’ला तिनं जो काही हेल काढला, तो ताईंना असा झोंबला की त्यांनी पुढचा घास तसाच खाली ठेवला.

त्यातच मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. ज्या उद्यानाच्या नोंदी धड नसतील, तिथले साप मोठ्या उद्यानात हलवले जातील. तपासनीस बाई गुरुवारी साडेअकराला येणार. सापांची देखभाल करणारे मामा हे पत्र ऐकून डबा न उघडताच परत गेले. तीस वर्षं त्यांनी ते साप सांभाळले होते.

“मामा, काळजी करू नका. मी आहे ना!” ताई म्हणाल्या आणि त्याच दुपारी त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आपली माहिती त्यात भरायची, की ते आपोआप तक्ते, आलेख, नकाशे काढून देतं म्हणे.

पहिल्या दिवशी त्यानं एक नुसता निळा गोल दाखवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरात सांगितलं, ‘एकूण साप: दोन हजार सोळा!’ ताईंनी कॉम्प्युटर बंद केला, पाणी प्यायल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. तासाभरानं उलगडा झाला. साप मोजायच्या ऐवजी त्यानं एक ते त्रेसष्ट या पिंजऱ्यांच्या क्रमांकांची बेरीज केली होती!

तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. मामांनी आपल्या मोबाईलवरून एका तक्त्यात भरायचं, की कोणता साप कोणत्या पिंजऱ्यात. दुसऱ्या तक्त्यात ताईंनी प्रत्येक पिंजऱ्याची जागा दिली होती. उद्यानाच्या नकाशावर डाव्या वरच्या कोपऱ्यापासून इतकं उजवीकडे, इतकं खाली. सॉफ्टवेअर दोन्ही तक्ते जुळवायचं आणि नकाशावर बरोबर त्या जागी सापाचा ठिपका ठेवायचं. मामांनी काही बदललं की मिनिटाभरात ठिपका हलायचा. ठिपक्यांना ताईंनी लाल रंग दिला. लाल उठून दिसतो म्हणून! आणि त्यांचं टेबल ज्या सभेच्या खोलीत होतं, तिथल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तो नकाशा लावला.

तर गुरुवारी सव्वादहाला साहेब टीव्हीसमोर उभे राहिले. साहेब बागखात्यातून बदली होऊन आलेले. गुलाबाच्या कलमांवर तासभर बोलतील, पण सापाचा विषय निघाला की त्यांना नेमका महत्त्वाचा फोन करायचा असायचा.

“वा, ताई, वा! अगदी विमानतळासारखं वाटतंय! पण हा एक वर कोपऱ्यात एकटाच का बसलाय?”

ताईंनी पाहिलं. नकाशाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता. त्या कोपऱ्यात पिंजरा नव्हता. त्या कोपऱ्यात कार्यालय होतं.

त्यांनी वरचा आकडा पाहिला. एकूण साप: चौसष्ट.

“साहेब,” ताईंचा आवाज एकदम चहाच्या बशीत मावेल एवढा झाला, “आपल्याकडे त्रेसष्टच आहेत.”

त्यांनी माऊस त्या ठिपक्यावर नेला. चौकट उघडली. ‘क्रमांक ६४. जात: माहीत नाही. विषारी: माहीत नाही.’

“म्हणजे? कार्यालयात म्हणजे कुठे?” साहेबांनी विचारलं.

“कार्यालयात म्हणजे… इथे.”

त्यानंतर कोण आधी चढलं यावर दोघांचं आजही एकमत नाही. पण दोन सेकंदांत दोघंही सभेच्या लांब टेबलावर उभे होते. माऊस खाली ताईंच्या टेबलावरच राहिला. तीन पावलांवर! पण त्या तीन पावलांमध्ये फरशी होती.

“मामांना फोन लावतो,” साहेब म्हणाले. घाईत आधी दोनदा घरीच लागला. “मामा! साप सगळे जागेवर आहेत का बघा! एकूण एक! आत्ताच्या आत्ता!”

“बघतो साहेब,” मामा म्हणाले. आज तपासणी म्हणजे सगळं चोख हवं, एवढंच त्यांना समजलं होतं.

दोन मिनिटं गेली. कोपऱ्यातला प्रिंटर हलकेच सुस्कारला आणि साहेबांनी ताईंचा दंड घट्ट धरला.

“ताई, वर बघा.”

कोपऱ्यात आता चार ठिपके होते.

“तीन आणखी आले! पण कुठून? दार तर बंद आहे!”

“खालच्या फटीतून! त्यांना फट पुरते!”

आता सात झाले. मग अकरा. नकाशावर पिंजऱ्यातला एकेक ठिपका नाहीसा व्हायचा आणि कार्यालयात उगवायचा. कुणी बोलावणं धाडल्यासारखे सगळे रांगेनं येत होते! ताई फरशीकडे टक लावून पाहू लागल्या. काहीच दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच अंगावर जास्त काटा येत होता. कपाटाखाली अंधार होता. फायलींच्या गठ्ठ्यामागे अंधार होता. एवढा अंधार या खोलीत आहे, हे अकरा वर्षांत त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं!

साहेबांनी पुन्हा फोन लावला. “मामा! तुम्ही करताय काय?”

“एकेकाला काढतोय, साहेब!”

“काढताय?”

“आधी सगळे मोकळे करतो, मग पुन्हा एकेक आत घालतो. असं केलं की चुकामूक होत नाही!”

साहेबांच्या हातातून मोबाईल निसटला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली जाऊन पडला. दोघांनी वाकून त्याच्याकडे पाहिलं. विहिरीत पडलेल्या भांड्याकडे बघावं तसं.

ताईंनी आपल्या मोबाईलवरून मामांना फोन केला. वाजत राहिला. नोंदी करताना मामा साहेबांखेरीज कुणाचाही फोन उचलत नसत. हा नियम ताईंनीच घालून दिला होता! शेवटी नाइलाजानं त्यांनी नणंदेला फोन केला.

“वन्सं! ऐका! आमच्या ऑफिसात एकोणीस साप आहेत हो!”

“एकोणीसच?” नणंद म्हणाली. “वहिनी, नशीबवान आहात! आमच्याकडे तर मजलाभर आहेत. एक माझ्या शेजारीच बसतो.”

“अहो, खरेखुरे!”

“सगळे खरेखुरेच असतात. वरून गोड बोलतात. तुम्ही त्यांच्या तोंडी लागू नका, हसून गुड मॉर्निंग म्हणायचं आणि आपलं काम करायचं. ठेवते, मीटिंग आहे!”

ताईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

“काय म्हणाल्या?” साहेबांनी आशेनं विचारलं.

“गुड मॉर्निंग म्हणा म्हणाल्या.”

साहेबांनी खरंच तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

त्रेपन्न झाले. साठ झाले. शेवटी सगळं उद्यान नकाशावर रिकामं पडलं आणि डाव्या कोपऱ्यात चौसष्ट ठिपक्यांचा एक जाडजूड लाल गोळा झाला. ताईंना रडू फुटलं. आपल्यासाठी थोडं आणि मामांसाठी जास्त. आता तपासनीस येणार, हे बघणार आणि मामांचे साप जाणार. आणि ते मी केलं! चांगली वही होती. खाडाखोड नव्हती. कुणी सांगितलं होतं मला?

आणि मग त्यांना एकदम आठवलं. तपासनीस! त्या बाई येऊन ते दार उघडतील आणि सरळ चौसष्ट सापांत पाऊल ठेवतील!

नेमकी त्याच क्षणी दारावर टकटक झाली. बाई लवकर आल्या होत्या.

“आत येऊ नका!” ताई इतक्या जोरात ओरडल्या की साहेब दचकून टेबलाच्या कडेला गेले. “बाई, पाया पडते तुमच्या, दार उघडू नका! आत साप आहेत! चौसष्ट!”

“सर्पोद्यान आहे ना हे?” बाहेरून आवाज आला, आणि दार उघडलं.

तपासनीस बाई बुटक्या, चष्मेवाल्या आणि अतिशय शांत होत्या. त्यांनी आधी फरशी पाहिली, मग कपाटाखाली वाकून पाहिलं, मग टेबलावरच्या दोघांना पाहिलं.

“कुठे आहेत?”

ताईंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. आणि त्यांच्याच डोळ्यांसमोर गोळ्यातला एक ठिपका उडाला आणि नकाशावर पिंजरा क्रमांक एकमध्ये जाऊन बसला. मग दुसरा. मग तिसरा.

“जातायत! साहेब, जातायत!”

“कुठून?” साहेब किंचाळले. “दारात तर बाई उभ्या आहेत!”

बाईंनी दारातून मामांना हाक मारली. मामा मोबाईलवर बोट फिरवतच आले. टेबलावरचे दोघं पाहून त्यांनी मान खाली घातली. मोठ्या माणसांकडे अशा वेळी बघू नये म्हणून.

“मामा,” बाईंनी विचारलं, “साप कुठे आहेत?”

“पिंजऱ्यात. कुठे जाणार?”

“मग काढलंत काय?” टेबलावरून साहेब.

“क्रमांक काढले, साहेब. पिंजऱ्यांचे. तुम्हीच म्हणालात ना, एकूण एक बघा. म्हणून आधी जुने सगळे पुसले. प्रत्येक पिंजऱ्यात साप डोळ्यांनी बघून झालाय, आता क्रमांक नव्यानं भरतोय. अर्धे झालेत. थांबा जरा.”

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिंजऱ्याचा क्रमांक नाही, म्हणजे जागा सापडत नाही. जागा सापडत नाही, म्हणजे उजवीकडे शून्य, खाली शून्य. म्हणजे नकाशाचा डावा वरचा कोपरा! त्या कोपऱ्यात कार्यालय होतं, यात सापांचा काही दोष नव्हता.

“अय्या!” म्हणून ताई खाली उतरल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या हसायलाच लागल्या. साहेबही घसा खाकरून, टायची गाठ नीट करत, एकेक पाय टेकवत उतरले. बोलता बोलता मामांनी उरलेले क्रमांक भरले. ठिपके आपापल्या जागी गेले. त्रेसष्ट.

कोपऱ्यात एक राहिला.

“मामा, हा एक भरायचा राहिला हं,” ताई हसत म्हणाल्या. “चौसष्ट नंबर. त्याचा रकाना रिकामा असेल.”

“रिकामा नाही ताई. त्यात मी ‘कार्यालय’ लिहिलंय.”

“का?”

“कारण तो इथेच आहे,” मामा म्हणाले. “चार दिवस झाले. फाटकापाशी सापडला, पिल्लू आहे, गारठलं होतं. इथं तुमचा हीटर असतो ना, म्हणून खोक्यात घालून ठेवलं. सांगणार होतो, पण म्हटलं ताई उगीच घाबरतील. नोंद आज सकाळीच केली.”

“कुठे ठेवलंय?”

मामांनी सभेच्या टेबलाखाली बोट दाखवलं. त्याच टेबलाच्या, बरोबर त्या टोकाखाली, जिथे दोघं इतका वेळ उभे होते!

साहेब ताबडतोब पुन्हा वर चढले. ताईंचाही एक पाय खुर्चीवर गेला होता, पण तो तिथेच राहिला. तपासनीस बाईंनी वाकून पुठ्ठ्याचं खोकं बाहेर ओढलं, झाकण काढलं आणि आत हात घातला. बुटाच्या नाडीएवढं काहीतरी त्यांच्या तळहातावर वेटोळं करून झोपलेलं होतं.

“बिनविषारी,” बाई म्हणाल्या. “बघायचंय?”

ताईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि त्या पाहतच राहिल्या. “एवढंसं?” त्या पुटपुटल्या. “मी तर याला मनात केवढं मोठं पाहिलं!”

आठवड्यानं मुख्य कार्यालयाचा अहवाल आला. ताईंनी तो मामांना मोठ्यानं वाचून दाखवला. ‘नोंदी अचूक. प्रत्येक साप नेमका कुठे आहे हे पडद्यावर कळते. साप हलवण्याचे कारण नाही.’ मामांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी डबा सगळा संपवला.

खाली आणखी एक ओळ होती. ती मात्र ताईंनी मनातच वाचली. रकाना होता ‘फर्निचर’.

‘सभेचे टेबल मजबूत. दोन कर्मचाऱ्यांचे वजन तासभर सहज पेलते.’

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, खोडरबर उचललं, मग पुन्हा ठेवून दिलं.

“तासभर काही नव्हतो हो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “फक्त बेचाळीस मिनिटं!”