ग्रंथपालबाईंनी काढलेली वायर

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी आहे.

एकेक संगणक अख्खं टेबल खायचा, त्या काळातलं एक कॉलेज. तिथे एक संशोधक होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. शुक्रवारपर्यंत प्रयोग जमला नाही तर प्रबंध गुंडाळायचा, असं त्याचे मार्गदर्शक मोठे सर यांनी बजावलं होतं.

कॉलेजचं वेळापत्रक करणारा प्रोग्रॅम माणसाने लिहायचा नाही, तो वाढवायचा, असा तो प्रयोग. हजारभर वेडेवाकडे प्रोग्रॅम सोडायचे, ज्यांच्या वेळापत्रकात एकच शिक्षक एका वेळी दोन वर्गांत कमीत कमी वेळा सापडतो ते ठेवायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या, की पुढची पिढी तयार. मोठ्या सरांच्या मते हा संसार एका थोरल्या यंत्रात, आठ प्रोसेसरांच्या एकत्र कुटुंबात व्हावा. भाऊला वाटे, कॉलेजभरच्या आठ साध्या संगणकांवर आठ बिऱ्हाडं करावीत आणि प्रत्येकाने आपला सर्वांत हुशार पोरगा अधूनमधून वायरीवरून शेजारी पाहुणा पाठवावा.

बुधवारी थोरलं यंत्र जिंकलं. एकही गोंधळ नाही! सरांनी हरखून, न वाचताच, प्रत्येक शिक्षकाला त्याच्या तासांची चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत एकही तास नव्हता. प्रत्येकाला वाटलं, देव आपल्यालाच पावला. म्हणून कुणी कुणाजवळ बोललं नाही. गुरुवारी वर्ग भरलेले, आणि शिकवायला एकटे प्राचार्य. यंत्राचं काय चुकलं? घरी बसलेला शिक्षक दोन वर्गांत सापडतोच कुठे?

सर मान खाली घालून भाऊकडे आले. पण भाऊच्याही सात संगणकांवर तेच. एका बिऱ्हाडात हा कुणालाच तास न देणारा आळशी प्रोग्रॅम उपजला आणि हुशार म्हणून घरोघरी पाहुणचार खात फिरला. उरला फक्त ग्रंथालयातला संगणक, सगळ्यांत म्हातारा. भाऊ धावला.

ग्रंथपालबाई दारातच ओशाळून उभ्या होत्या.

"रागावू नकोस रे. तुझी वायर दारात आडवी होती, एक आजोबा अडखळले. सोमवारीच काढून कपाटात ठेवली. आता लावू का?"

भाऊने पडद्याकडे पाहिलं. तीन ठिकाणी गुंता होता, पण सगळे तास होत होते.

"नको बाई," तो म्हणाला, "हातसुद्धा लावू नका."

प्रबंधात त्याने लिहिलं: एक बिऱ्हाड काही काळ संपर्काबाहेर ठेवावं. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. इतका खोल विचार सुचला कुठे, असं त्यांनी विचारलं.

"ग्रंथालयात," भाऊ म्हणाला.

"कोणत्या पुस्तकात?"

मोठे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

भाऊचे केस आता पिकले. बाई तर कधीच गेल्या. आपण काय केलं, हे त्यांना शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. कुणी अडखळू नये एवढंच त्यांनी पाहिलं होतं. मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची एकदा आठवण काढा.